कोऱ्या नकाशाखालची वस्ती : सार्वजनिक उद्यानातील बांधकामपूर्व पुरातत्त्वीय पाहणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका शहराच्या मध्यभागी असलेल्या सुमारे ११ हेक्टरांच्या सार्वजनिक उद्यानाचे आहे. शहराचे, उद्यानाचे आणि संबंधित यंत्रणांचे नाव येथे जाणीवपूर्वक दिलेले नाही. आमची चार जणांची तुकडी या कामावर होती, आणि खाली ज्या चुका नोंदवल्या आहेत त्यांतील काही आमच्या स्वतःच्या आहेत.

नदीकडे हळूहळू उतरत जाणाऱ्या जमिनीवर हे उद्यान शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आखले गेले. अतिवृष्टीत खालच्या भागात पाणी तुंबू नये म्हणून उद्यानाच्या उताराकडील अंगाला भूमिगत साठवण टाकी बांधायची, तिच्यावर पुन्हा हिरवळ लावायची आणि वरच्या अंगाला नागरिकांसाठी एक छोटी इमारत उभारायची, अशी योजना होती. बाधित क्षेत्र १.२ हेक्टर होते आणि टाकीसाठी ५ मीटर खोल खड्डा घ्यावा लागणार होता. बांधकामाला परवानगी मिळण्यापूर्वी पुरातत्त्वीय पाहणीचा अहवाल सादर करणे बंधनकारक होते आणि त्यासाठी आठ आठवड्यांची मुदत होती.

अशा कामांसाठी उद्यानाची जागा निवडली जाते, कारण तेथे कोणाचे घर पाडावे लागत नाही आणि कोणाकडून जमीन घ्यावी लागत नाही. नेमक्या याच कारणामुळे पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही जागा नाजूक असते, हे मात्र योजना आखताना सहसा ध्यानात येत नाही. ज्या शहरात प्रत्येक पिढीने जुनी इमारत पाडून नवा पाया खोदला, तळघरे काढली आणि वाहिन्या टाकल्या, तेथे जमिनीखालचे जुने थर ठिकठिकाणी कापले जाऊन नाहीसे झालेले असतात. उद्यानाखाली मात्र ते सलग उरण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. वर मोकळी हिरवळ दिसते म्हणून खालीही काही नसेल, हा समज या प्रकरणात आरंभापासून होता, आणि खरे सांगायचे तर तो काही अंशी आमच्याही मनात होता.

कागदपत्रांची पाहणी

पहिले दोन आठवडे कागदपत्रांत गेले. उद्यानापूर्वीच्या मोजणीच्या नकाशावर ही जागा पूर्णपणे कोरी होती. केवळ एका बाजूच्या हद्दीची रेषा काहीही कारण दिसत नसताना किंचित वळलेली होती. उद्यानाच्या मूळ आराखड्यात उताराचा बराचसा भाग तिरक्या रेघांनी भरलेला होता आणि कडेला ‘समतल करणे’ एवढीच नोंद होती. तिसरा महत्त्वाचा कागद म्हणजे काही दशकांपूर्वी सांडपाण्याची वाहिनी टाकताना अभियंत्यांनी घेतलेल्या दोन बोअरची (माती तपासण्यासाठी जमिनीत पाडलेल्या अरुंद, खोल छिद्रांची) नोंद. त्यात लिहिले होते : १.४ मीटरपर्यंत भराव, विटांचे तुकडे आणि राख. त्याखाली काळपट, मऊ, सेंद्रिय माती. त्याखाली पिवळसर चिकणमाती.

हा तिसरा कागद आम्ही वाचला, त्याची प्रत अहवालाच्या परिशिष्टात लावली आणि पुढे गेलो. भरावाखाली काळपट सेंद्रिय थर असणे म्हणजे भराव टाकण्यापूर्वीची जमिनीची पाठ, म्हणजेच माणसे ज्या जमिनीवर चालत होती ती जमीन, खरवडून न काढता तशीच झाकली गेली असणे. ही माहिती पहिल्या पानावर असायला हवी होती. ती परिशिष्टात गेली, कारण अभियंत्यांच्या नोंदीकडे आम्ही जमिनीच्या वहनक्षमतेचा कागद म्हणून पाहिले, पुरातत्त्वाचा कागद म्हणून पाहिले नाही.

कोऱ्या नकाशाबद्दल येथे थोडे थांबून लिहिणे आवश्यक आहे. जुन्या मोजणीचे नकाशे हद्दी, रस्ते आणि कर यांच्यासाठी काढले जात असत. ज्या घरांच्या जागेची मालकी नोंदलेली नव्हती, ती घरे मोजणीदाराच्या कामाचा विषयच नव्हती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे उदाहरण या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने जवळ ठेवावे असे आहे. त्या उद्यानाच्या पश्चिमेकडील भागात १८२५ पासून सेनेका व्हिलेज नावाची, प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती होती. १८५५ च्या जनगणनेनुसार तेथे सुमारे २२५ माणसे राहत होती आणि १८५७ पर्यंत उद्यानासाठी ती सर्व हलवली गेली. तेथे घरे, चर्च आणि शाळा होती, तरीही पुढची दीडशे वर्षे बहुतेक लोकांच्या लेखी ती जागा म्हणजे केवळ उद्यान होते. रडार सर्वेक्षण आणि मातीचे नमुने यांच्या आधाराने २०११ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा घराच्या पायाचे दगड आणि रोजच्या वापरातल्या वस्तू त्याच जागी मिळाल्या.

प्रश्न कोठे उभा राहिला

तिसऱ्या आठवड्यात चुंबकीय सर्वेक्षण झाले. जमीन ३० मीटरच्या चौकोनांत आखून, एकेक मीटर अंतरावरच्या ओळींनी चालत, दर पाव मीटरला एक नोंद घेतली गेली. या पद्धतीत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले अतिशय सूक्ष्म फरक मोजले जातात. मूळ क्षेत्र ठिकाणानुसार सुमारे २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे सूक्ष्म एकक) असते आणि मातीने भरून गेलेला जुना चर त्यात जेमतेम काही नॅनोटेस्लांचा फरक करतो. उघड्या शेतात असा फरक स्पष्ट दिसतो. उद्यानात मात्र लोखंडी कुंपण, बाकांचे पाय, दिव्यांच्या केबल, पाण्याचे नळ आणि हिरवळीत रुतलेली बाटल्यांची शेकडो झाकणे असतात, आणि त्यांतील प्रत्येक गोष्ट चराच्या कित्येक पट मोठा संकेत देते. बाधित क्षेत्राचा सुमारे ४० टक्के भाग या गोंगाटामुळे निरुपयोगी ठरला. उरलेल्या भागात काहीच ठळक दिसले नाही.

त्यानंतर जमिनीत लहरी सोडून खालून परतणारे पडसाद टिपणारे भूभेदी रडार फिरवले. वरच्या अंगाला त्याने एक-दोन अस्पष्ट रेषा दाखवल्या. उताराकडे मात्र पाऊण मीटरच्या खाली चित्र विरून गेले. ओली चिकणमाती रडारच्या लहरी शोषून घेते. त्यामुळे कोरड्या वाळूत जे यंत्र दोन मीटर खाली पाहू शकते, ते येथे त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नव्हते.

दोन्ही सर्वेक्षणांचे नकाशे शेजारीशेजारी ठेवल्यावर जे दिसले, त्याला आमच्या मसुद्यात ‘पुरातत्त्वीय शक्यता कमी’ असे शब्द दिले गेले. योजना राबवणाऱ्या विभागाला हेच हवे होते. मुदतीच्या आत काम संपत होते, आणि बांधकाम चालू असताना एक पुरातत्त्वज्ञ खोदयंत्राशेजारी उभा राहून लक्ष ठेवील, एवढ्यावर परवानगी मिळण्याचा मार्ग मोकळा होता.

पहिला निर्णय : मसुदा थांबवणे

मसुदा पाठवण्यापूर्वी आमच्या क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना वाचायला दिला. त्यांनी एकच प्रश्न विचारला : “तुमच्या यंत्रांनी किती खोल पाहिले आणि जुनी जमीन किती खोल आहे, हे दोन आकडे मला एका ओळीत लिहून द्याल का?”

पहिला आकडा आमच्याकडे होता : चुंबकीय सर्वेक्षणासाठी फार तर एक मीटर, रडारसाठी पाऊण मीटर. दुसरा आकडा परिशिष्टात पडून होता : १.४ मीटर. म्हणजे उताराकडच्या भागात आम्ही फक्त भरावाचे सर्वेक्षण केले होते. लहान वस्तूचा चुंबकीय परिणाम अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झाले की तो आठव्या भागावर येतो. त्यात भरावातच विटांचे भाजलेले तुकडे मिसळलेले होते आणि भाजलेली माती स्वतः चुंबकीय असते. त्याखाली अख्खी चूल असती, तरी ती आमच्या नकाशावर उमटली नसती.

ही चूक नवी नाही. १९९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका सरकारी इमारतीचे काम सुरू झाले. तेथे पूर्वी आफ्रिकी लोकांची दफनभूमी होती, हे जुन्या नकाशांवरून माहीत होते, परंतु नंतरच्या इमारतींच्या तळघरांमुळे ती नष्ट झाली असावी असे गृहीत धरले गेले होते. प्रत्यक्षात वीस फुटांच्या आसपास जाडीच्या भरावाने ती जपली होती. ४१९ माणसांचे अवशेष बाहेर काढले गेल्यावर आणि तीव्र जनक्षोभानंतर उत्खनन थांबले, इमारतीचा आराखडा बदलावा लागला आणि २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक ठरली. भराव किती जाड आहे आणि त्याने खालचे काय झाकले आहे, हा प्रश्न तेथे वेळेवर विचारला गेला नव्हता. आमच्याकडे तो विचारणारे कोणी होते, हे आमचे भाग्य.

मसुद्यातील वाक्य बदलून ‘सर्वेक्षणाच्या पोहोचीत ठळक अवशेष आढळले नाहीत, बाधित क्षेत्राच्या मोठ्या भागात जुनी जमीन या पोहोचीच्या खाली आहे’ असे केले. वाक्य लांब झाले आणि विभागाला ते आवडले नाही, पण ते खरे होते.

पुढील मार्ग आणि त्यांचा तौलनिक विचार

पहिला मार्ग अर्थातच बांधकामाच्या वेळी देखरेख ठेवण्याचा होता. तो स्वस्त दिसतो, पण ५ मीटर खोल खड्डा घेणारे यंत्र चालू असताना काही सापडले, तर काम थांबवण्याचा प्रत्येक दिवस महाग पडतो, आणि त्या ताणाखाली घेतलेले निर्णय ना बांधकामाच्या हिताचे ठरतात ना अवशेषांच्या. लक्ष ठेवणारी व्यक्ती तरुण आणि एकटी असेल, तर ‘थांबा’ म्हणण्याचे बळ तिच्याकडून अपेक्षिणेही अन्यायाचे आहे.

दुसरा मार्ग चाचणी चर खोदण्याचा होता. ३० मीटर लांब आणि २ मीटर रुंद असे ८ चर ठरावीक अंतरावर घेतले, तर ४८० चौरस मीटर, म्हणजे बाधित क्षेत्राचा ४ टक्के भाग तपासला जातो. लांबच लांब खंदक किंवा जुना रस्ता अशा जाळ्यात बहुधा सापडतो, परंतु चार-पाच मीटरचे लहान घर दोन चरांच्या मधल्या अंतरात सहज निसटते. शिवाय जुने वृक्ष होते. झाडाच्या खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येत मुळांना धक्का लावू नये, हा ब्रिटिश मानकातील निकष येथे पाळायचा ठरला होता. ८० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाभोवती हे वर्तुळ साडेनऊ मीटरांहून अधिक त्रिज्येचे होते, आणि असे नऊ वृक्ष त्या पट्ट्यात होते.

तिसरा मार्ग म्हणजे आधी बोअर घेऊन भरावाची आणि जुन्या जमिनीची खोली सर्वत्र समजून घ्यायची, आणि मगच चर कोठे हवेत ते ठरवायचे. याला आठ-दहा दिवस जास्त लागणार होते, पण चरांची संख्या कमी होऊ शकत होती. चौथा मार्ग, टाकीची जागाच बदलण्याचा, त्या वेळी कोणी गांभीर्याने घेतला नाही, कारण ती कोठे हलवायची हे सांगणारी माहिती कोणाकडे नव्हती.

विभागाचा कल पहिल्या मार्गाकडे होता. आम्ही तिसरा सुचवला आणि त्यासाठी पुरातत्त्वाच्या भाषेत न बोलता जोखमीच्या भाषेत बोललो : अज्ञात भराव ही पायाच्या अभियंत्यालाही अडचणच असते, आणि हेच बोअर त्यांच्याही उपयोगी पडतील. बांधकाम अभियंत्यांनी याला पाठिंबा दिला आणि निर्णय झाला. त्यांचा पाठिंबा मिळाला नसता, तर मला वाटते आमचे म्हणणे एकट्याने टिकले नसते.

प्रत्यक्ष काम

२० मीटरच्या जाळ्यावर ३० बोअर घेतले गेले. प्रत्येक बोअरमधून निघालेला मातीचा दंड पन्हाळीत आडवा ठेवून, करणीने उभा कापून, थर मोजले. भराव वरच्या अंगाला ४० सेंटिमीटर आणि उताराकडे १.८ मीटर जाड होता. त्याखालचा काळपट थर ३० पैकी २१ ठिकाणी मिळाला. अकराव्या बोअरमध्ये त्या थराच्या माथ्यावर बोटभर जाडीची चोपलेली पिवळी माती होती आणि तिच्यावर राखेची करडी रेघ. चिकणमाती अशी आपोआप गाळाच्या वर येऊन बसत नाही; ती कोणीतरी आणून, ओली करून, चोपून बसवावी लागते. ती घराची जमीन होती.

विद्युत रोध, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते, मोजण्याच्या दोन लांब रेषाही घेतल्या, प्रत्येकी एकेक मीटर अंतरावर ४८ इलेक्ट्रोड रोवून. पुरातत्त्वात ही पद्धत जुनी आहे. रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी १९४६ मध्ये इंग्लंडमधील डॉर्चेस्टर येथे विद्युत रोधावरून गाडले गेलेले खंदक शोधले होते. आज तीच कल्पना जमिनीचा उभा छेद दाखवण्यापर्यंत गेली आहे. आमच्या दुसऱ्या रेषेत पूर्वेकडे एक मोठा, खोल, कमी रोधाचा खोलगट भाग दिसला. तेथे घेतलेल्या जादा बोअरमध्ये ४ मीटरपेक्षा अधिक भराव मिळाला आणि काळपट थर अजिबात मिळाला नाही. ती माती काढून नेलेली जुनी खाण होती, जी उद्यान करताना बुजवली गेली. त्या दिवशी ही नोंद आम्हाला दुय्यम वाटली. पुढे तिच्यावरच सगळे अवलंबून राहिले.

याच आठवड्यात उद्यानात तीसहून अधिक वर्षे काम करणारे एक माळी आमच्या कामाशी येऊन थांबले. वरच्या अंगाच्या हिरवळीतले दोन पट्टे दर उन्हाळ्यात इतरांच्या आधी पिवळे पडतात, तेथे रोप लावायला खड्डा घेतला की फावडे दगडावर आपटते, आणि हे त्यांच्या आधीच्या माळ्यांनाही ठाऊक होते, असे त्यांनी सांगितले. दगडी पायावर मातीचा थर पातळ असल्याने गवत तेथे आधी सुकते, ही हवाई छायाचित्रे वाचणाऱ्यांची प्राथमिक खूण आहे. रडारने दाखवलेल्या अस्पष्ट रेषा आणि त्यांनी पाऊल ठेवून दाखवलेले पट्टे एकच होते. आम्ही कामाला लागून पाच आठवडे झाले होते आणि ते रोज आमच्यासमोर पाणी घालत होते, पण आम्ही त्यांना काही विचारले नव्हते.

आठऐवजी पाच चर घेतले. भराव यंत्राने, बिनदाती बादलीने, पातळ थरांत काढला आणि काळपट थर दिसताच यंत्र थांबवून हाताने काम केले. दुसऱ्या चरात जोत्याचे दगड दोन ओळींत मिळाले, त्यांच्या आत चोपलेली जमीन आणि कोपऱ्यात तीन दगडांची चूल. चुलीतली राख तशीच होती. तिच्या कडेला मातीत एक खळगा होता, हाताच्या पंजाएवढा, कडा झिजून गुळगुळीत झालेला. भांडे रोज त्याच जागी टेकवल्याने पडलेला. त्या खळग्याचे मोजमाप घेताना आमच्या चौघांत बराच वेळ कोणी बोलले नाही. तिसऱ्या चरात विहिरीचे दगडी तोंड मिळाले, भरावाच्या मातीने बुजवलेले. पाचव्या चरात काळपट थराच्याही खाली एक रुंद खंदक निघाला; नकाशावरच्या हद्दीची रेषा ज्या ठिकाणी विनाकारण वळत होती, बरोबर तेथे. हद्द आखणाऱ्यांनी जमिनीवर तेव्हाही दिसणारा खोलगट भाग टाळला असावा.

वस्तीच्या काळाबद्दल सर्वांत उपयोगी ठरली ती एक फुटकी बाटली. साच्यात फुंकून हाताने तोंड घडवलेल्या बाटलीवर साच्याची शिवण गळ्यापाशी संपते. विसाव्या शतकाच्या आरंभी मायकेल ओवेन्स यांच्या स्वयंचलित यंत्राने बनू लागलेल्या बाटल्यांवर ती तोंडाच्या कडेपर्यंत जाते. जमिनीवर आणि चुलीभोवती मिळालेल्या सर्व काचांची शिवण गळ्यापाशी संपत होती. म्हणजे उद्यानाचा भराव पडला तेव्हा ही घरे जुनी, विसरलेली नव्हती. ती अगदी अलीकडेपर्यंत राहती होती. रेडिओकार्बन चाचणी (सेंद्रिय अवशेषांतील किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याची पद्धत) येथे करू नये असे आम्ही ठरवले, कारण गेल्या तीनशे वर्षांतील नमुन्यांसाठी तिचे उत्तर इतके पसरट येते की त्याचा उपयोग होत नाही. खंदकाच्या तळातील कोळशाची मात्र चाचणी केली आणि तो सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचा ठरला.

दुसरा निर्णय : काढायचे की ठेवायचे

आता दोन मार्ग होते : संपूर्ण क्षेत्र उत्खनन करून नोंदवायचे आणि टाकी ठरल्या जागी बांधायची, किंवा अवशेष जागीच ठेवायचे आणि योजना बदलायची. उत्खनन म्हणजे नोंद ठेवून केलेला नाशच असतो. एकदा उचललेला थर पुन्हा वाचता येत नाही. युरोप परिषदेने १९९२ मध्ये व्हॅलेटा येथे स्वीकारलेल्या करारातही, शक्य तेथे अवशेष जागीच जपावेत, हे तत्त्व आहे. तरीही हा निर्णय तत्त्वावर झाला नाही. तो झाला बुजवलेल्या खाणीमुळे. टाकी पूर्वेकडे सुमारे ४० मीटर सरकवली, तर तिचा खड्डा जवळजवळ पूर्णपणे आधीच उकरलेल्या जागेत येत होता. जलवाहिनीचा उतार पुन्हा मोजावा लागला, भरावाच्या मातीत खड्ड्याच्या बाजू धरून ठेवण्यासाठी जास्त खर्च करावा लागला; पण वस्तीवर आणि खंदकावर घाला टळला.

वरच्या अंगाच्या इमारतीसाठी खोल पायांऐवजी सलग तळ-स्लॅब घेण्याचे ठरले. तेथे भराव केवळ ४० सेंटिमीटर होता. म्हणून खोदण्याऐवजी जमीन आणखी उंच केली : जोत्यावर जिओटेक्स्टाइल (थर वेगळे राखणारे कृत्रिम कापड), त्यावर वाळू, त्यावर खडी आणि मग स्लॅब. एका जागी मात्र मार्ग निघाला नाही. नवीन जलवाहिनी वस्तीच्या कडेने १२ मीटर नेणे अपरिहार्य होते, आणि तेवढा पट्टा आम्ही हाताने, पूर्ण नोंद करत उकरला.

निष्पत्ती

टाकी आणि इमारत दोन्ही पूर्ण झाल्या. एकूण वेळापत्रक अकरा आठवड्यांनी लांबले. त्यांपैकी सहा आठवडे पुनर्रचनेचे आणि पाच आमच्या कामाचे होते. चर उघडे असताना दोन दिवस नागरिकांना पाहण्यासाठी ठेवले. दुसऱ्या दिवशी एक वृद्ध बाई नातवासोबत आल्या. त्यांच्या आजीचे माहेर ‘बागेच्या आधी बागेत’ होते, असे घरात बोलले जाई आणि त्याचा अर्थ त्यांना कधी कळला नव्हता. त्यांच्यामुळे आणखी तीन कुटुंबांचा माग लागला आणि वस्तीचे नाव कळले. कुटुंबांच्या इच्छेनुसार ते येथे देत नाही. उद्यानातील फलकावर ते आता आहे.

दोन नुकसाने भरून न येणारी आहेत. दिव्यांच्या केबल बाजूला घेण्याचे काम दुसऱ्या विभागाकडे, वेगळ्या परवानगीखाली होते. ते आमची पाहणी पूर्ण होण्याआधीच झाले आणि वीसेक मीटर लांबीत काळपट थर कापला गेला. त्या चराच्या बाजूला आम्हाला खापरे आणि चोपलेल्या जमिनीचा तुकडा मिळाला. तेथे आणखी एक घर होते, एवढेच आता सांगता येते. दुसरे नुकसान ओल्या दिवसात अवजड यंत्र कुंपणाबाहेरून वळवल्यामुळे झाले. चाकांच्या दाबाने भरावातून खालच्या जोत्याचे काही दगड सरकले. बांधकामाचे क्षेत्र आम्ही नकाशावर नीट आखले होते. यंत्रांच्या ये-जा करण्याच्या वाटा, साहित्य ठेवण्याची जागा आणि कामगारांच्या तात्पुरत्या खोल्या यांचा त्यात समावेश नव्हता.

वेगळे काय करता आले असते

क्रम उलटा हवा होता. भरावाची खोली माहीत नसताना चुंबकीय सर्वेक्षण आणि रडार यांवर दोन आठवडे घालवणे चुकीचे होते. पहिल्याच आठवड्यात चार-पाच बोअर घेतले असते, तर कोणते यंत्र कोठे उपयोगी आहे हे आधीच कळले असते. तेव्हा वरच्या अंगाला रडार आणि उताराकडे थेट विद्युत रोध, अशी विभागणी झाली असती.

पाहणीचे क्षेत्र ठरवताना केवळ खड्ड्याची कड धरू नये. ज्या ज्या जमिनीवर योजनेचे चाक, केबल किंवा ढीग येणार आहे, ती सर्व जमीन पाहणीत यावी, आणि इतर विभागांची पूर्वतयारीची कामे त्याच अटीखाली यावीत. आमच्या करारात ही अट नव्हती. ती घालून घेण्याची संधी आम्हाला पहिल्या बैठकीत होती.

माळ्यांशी, राखणदारांशी आणि आसपासच्या जुन्या रहिवाशांशी बोलणे हे कागदपत्रांच्या पाहणीचाच भाग मानायला हवे. आम्ही ते लोकसंपर्काचे काम समजून शेवटी ठेवले. त्या वृद्ध बाई चर बुजवण्याच्या दोन दिवस आधी आल्या. त्या पहिल्या महिन्यात भेटल्या असत्या, तर विहिरीची आणि चुलींची जागा कदाचित आधीच कळली असती, आणि केबलचा चर थांबवता आला असता. याची खंत आजही वाटते.

एक शंका अजून मिटलेली नाही. जागीच जपणे म्हणजे दृष्टीआड करणे नव्हे, हे आम्ही अहवालात लिहिले. तथापि नव्या टाकीमुळे भूजलाची पातळी बदलली, तर काळपट थरातील बिया आणि लाकडाचे कण कोरडे पडून कुजतील. यासाठी वस्तीच्या तीन बाजूंना पाण्याची पातळी मोजण्याच्या नळ्या बसवल्या आहेत. पहिल्या वर्षी पातळी फारशी बदलली नाही. दुसऱ्या वर्षी उताराकडच्या नळीत ती १५ सेंटिमीटर खाली गेली. हा ऋतूचा फरक आहे की टाकीचा परिणाम, हे ठरवायला आणखी काही वर्षांच्या नोंदी लागतील. त्या नोंदी कोणी घ्यायच्या, हे करारात पहिल्या पाच वर्षांपुरतेच लिहिलेले आहे, आणि ती मुदत वाढवून घेण्यासाठी आमचा पत्रव्यवहार चालू आहे.